लेकरांचा सबंध दिवस मागू नका, चार तास मागा

नांदेडात वजिराबादपासून श्रीनगरपर्यंत आणि लातुरात गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंत एक चक्कर मारा. कापडाची, चपलांची, मोबाईलची, किराण्याची दुकानं बघत चला. थोड्या थोड्या अंतरावर काचेला चिकटवलेला एक कागद दिसेल. "कामासाठी मुले-मुली पाहिजेत." खाली वेळ, सकाळी १० ते रात्री ९. एखाद्या ठिकाणी त्याच्याही खाली पेनानं लिहिलेलं असतं, "कॉलेजवाले नकोत."

आता त्याच रस्त्यानं बॅग अडकवून जाणाऱ्या पोरांना विचारा. मुखेडचा, कंधारचा, किनवटचा, जळकोटचा, देवणीचा कुणीतरी भेटेल. बीए, बीकॉम, बीएस्सीला आहे. काम पाहिजे का म्हणून विचारलं की म्हणतो, "पाहिजे ना सर, पण पार्टटाइम कुणी देईना."

दुकानदार माणूस मिळत नाही म्हणून बोंब मारतोय, पोरगं काम मिळत नाही म्हणून फिरतंय, आणि दोघांची गाठ पडत नाही. कारण आपल्या दोन्ही शहरांत कामाचं एकच माप आहे, सबंध दिवस. चार तासांचं काम ही गोष्टच आपल्या बाजारपेठेला माहीत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ही चार तासांची पाळी सुरू झाली पाहिजे, तिला तासाप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ती सुरू न होण्याला दुकानदार, कॉलेज आणि सरकार असे तिघेही जबाबदार आहेत.

मी हे लांबून बोलत नाही. २०१३ साली बीकॉमला असताना नांदेडच्या एका कापड दुकानात मी काम केलं. दुकानाचं नाव सांगायची गरज नाही, तेव्हा बहुतेक दुकानं तशीच चालायची आणि आजही चालतात. वेळ सकाळी १० ते रात्री साडेनऊ. पगार महिन्याला ३,५००. साडेअकरा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २९९ तास. भागून बघा, तासाला पावणेबारा रुपये पडतात. सहामाही परीक्षेसाठी आठ दिवसांची सुट्टी मागितली तर मालक म्हणाले, "कॉलेज करायचं असंल तर कॉलेज कर, दुकान करायचं असंल तर दुकान कर." शेवटच्या महिन्याचा पगार आजवर मिळालेला नाही. आता मी लातुरात दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटीचं काम बघतो. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. म्हणूनच बोलतोय.

आधी गरज कुणाची आहे ते समजून घ्या. लातूर म्हटलं की सगळ्यांना 'लातूर पॅटर्न' आठवतो. उद्योग भवनाचा परिसर, नीट, जेईई, मोठमोठे फलक, त्यावर हसरे चेहरे. त्या पोरांचं कौतुक मलाही आहे. पण त्या फलकांवर कधीच न येणारी हजारो पोरं याच शहरांत शिकतात. साध्या पदवीला आहेत. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून चौघं मिळून रूम करून राहतात. परवा एकानं मला त्याचा महिन्याचा हिशोब दाखवला. रूमचा वाटा १,५००, मेस २,६००, अभ्यासिका ६००, मोबाईल रिचार्ज ३००, गावी जायला-यायला ५००. झाले ५,५००. यात पुस्तक नाही, दवाखाना नाही, अंगावरचा कपडा नाही.

हे ५,५०० घरून कसे येणार? घरी सोयाबीन आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आणि आडतीवर शेतकऱ्याच्या हातात किती पडले ते लातूरच्या बाजारात पोतं घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पाण्यानं काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. सप्टेंबरात उरलंसुरलं गेलं. अशा घरातलं पोरगं बापाला फोन करून पैसे माग म्हटलं तरी मागत नाही. ते दुकानाच्या काचेवरचा कागद वाचतं.

"शिष्यवृत्ती आहे ना" असं काहीजण म्हणतील. आहे. स्वाधार आहे, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. या योजना वाढल्याच पाहिजेत, त्यांच्यासाठी भांडलंच पाहिजे. पण अर्ज भरल्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत मेसवाला थांबत नाही. रूममालक पाच तारखेलाच दारात उभा राहतो.

मग हे पोरगं करतं काय? सबंध दिवसाचं काम धरतं आणि कॉलेज सोडतं. नाव कॉलेजात राहतं, पोरगं दुकानात. दोन हजेऱ्या चालू असतात. दुकानातली हजेरी खरी, कारण तिथं खाडा झाला की पैसे कापले जातात. कॉलेजातली हजेरी कागदावरची. ७५ टक्क्यांचा नियम आहे, पण निम्मा वर्ग रिकामा दिसतो तेव्हा ती पोरं कुठं गेली हे प्राध्यापकांना ठाऊक असतं, प्राचार्यांनाही ठाऊक असतं. परीक्षेच्या तोंडावर गाईड घ्यायचं, चार रात्री जागायच्या, पेपर द्यायचा. तीन वर्षांनी हातात पदवी येते आणि मग आपणच म्हणतो, "आजकालच्या पदवीधरांना काही येत नाही." येणार कुठून? तो तीन वर्षं साड्यांच्या घड्या घालत होता.

आता दुकानदार मित्रांशी बोलतो. तुमची बाजू मी रोज ऐकतो. "अर्ध्या दिवसाचं पोरगं परवडत नाही. शिकवायचं आम्ही, आणि परीक्षा आली की पळून जातंय." बरोबर, जातं. पण पूर्णवेळवालं तरी टिकतं का? दिवाळीआधी धरलेलं पोरगं संक्रांतीपर्यंत राहिलं तर तुम्हीच नशीब समजता. पळून जाण्याचं कारण पोराच्या नियतीत नाही, तुमच्या वेळेत आहे. चार तासांची पाळी असेल तर परीक्षेच्या पंधरा दिवसांत दोन पोरांनी आपसात वेळ बदलून घेता येते. परीक्षेचं वेळापत्रक आधी लागतं, पितृपक्षासारखं तेही तुम्हाला धरून चालता येतं.

आणि परवडण्याचं म्हणाल, तर तुमचीच बिलं काढून बघा. मी तुमची बिलं बघतो म्हणून सांगतो. आता तर प्रत्येक बिलावर वेळ छापलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या कापड आणि जनरल स्टोअरच्या हिशोबात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत गल्ला कितीदा उघडतो आणि संध्याकाळी ५ ते ९ मध्ये कितीदा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुपारी तुमची सहा पोरं काउंटरला टेकून मोबाईल बघतात आणि संध्याकाळी त्याच सहा जणांना गिऱ्हाईक आवरत नाही. तुम्हाला दुपारी तिघं पाहिजेत आणि संध्याकाळी नऊ. दिवाळी, लगीनसराई आणि जूनमधला वह्या-पुस्तकांचा हंगाम तर वेगळाच. हे गणित सबंध दिवसाच्या माणसांनी कधीच जुळणार नाही. ते चार तासांच्या पोरांनीच जुळेल.

मुलींचं तर आणखी सोपं आहे. रात्री साडेनऊला दुकान बंद होणार म्हणून कितीतरी पोरींना घरचे काम करू देत नाहीत. वसतिगृहाचं गेट त्याआधीच लागतं. दुपारी १२ ते ४ अशी पाळी ठेवा, त्या येतील. साडीच्या दुकानात, कॉस्मेटिकमध्ये, लहान मुलांच्या कपड्यांत बायका-पोरींना काय पाहिजे ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आता पैशाचं बोलू, कारण सगळी मेख तिथंच आहे. आपल्याकडे समज असा की पार्टटाइम म्हणजे मालक खूश होऊन देईल ते. तसं नाही. किमान वेतन अर्धवेळ कामगारालाही लागू आहे. महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत याचं सूत्रच दिलेलं असतं. पूर्ण दिवसाचा दर घ्यायचा, त्याला कामाच्या तासांनी भागायचं आणि जो ताशी दर येईल त्यावर १५ टक्के वाढवून द्यायचे. हो, वाढवून. अर्धवेळवाल्याचा तास कायद्यानं स्वस्त नाही, महाग आहे.

हिशोबापुरता एक आकडा धरा. दिवसाचा दर ४८० रुपये. आठ तासांनी भागले तर ६०. त्यावर १५ टक्के म्हणजे ६९. चार तासांचे २७६. महिन्याचे २६ दिवस म्हणजे ७,१७६ रुपये. त्या पोराचा ५,५०० चा खर्च भागतो, वर पुस्तकं येतात, आणि सकाळचं कॉलेज शाबूत राहतं. खरा दर कामाच्या प्रकाराप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे वेगळा असतो आणि महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो. तो कामगार कार्यालयात विचारा.

कायदा अजून काय सांगतो तेही ऐका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता म्हणते, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर राहिलेले पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे. न दिल्यास तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. "परीक्षेला गेलास ना, आता पगार विसर" हे वाक्य बेकायदेशीर आहे. आणि "मूळ मार्कमेमो जमा कर, टीसी आणून दे, म्हणजे पळून जाणार नाहीस" हेही चालणार नाही. मार्कमेमो हे लेकराच्या कष्टाचं फळ आहे, दुकानाचं तारण नाही.

आणि सरकारची गंमत बघा. दुकानांसाठीच्या २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा होती आणि तो १० किंवा जास्त कामगारांच्या दुकानांना लागू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ९ चे १० तास करायला आणि १० कामगारांची अट २० वर न्यायला मंजुरी दिली. लगेच १ ऑक्टोबरला सांगितलं की दारूची सोडून बाकी दुकानं २४ तास उघडी ठेवता येतील. म्हणजे दुकान जास्त वेळ उघडं, माणसाचा दिवस लांब, आणि छोट्या-मध्यम दुकानांवर बंधन कमी. नांदेड-लातुरात २० माणसं असलेली दुकानं किती? बाकी सगळी या कायद्याच्या बाहेर. पण किमान वेतन त्यांनाही लागू आहे, हे ध्यानात ठेवा. खरं तर दुकान जास्त वेळ उघडं ठेवायचं तर पाळ्या पाहिजेत. आपल्याकडे पाळ्या न वाढवता पोरगंच ताणलं जातं.

दुसरी गंमत. २०२४ मध्ये मोठा गाजावाजा करून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन. वाचून बरं वाटतं. पण ज्याचं शिक्षण चालू आहे तो पात्र नाही! म्हणजे शिक्षण सोड, मग आम्ही तुला काम शिकवू. शिकता शिकता कमावणारा पोरगा सरकारच्या एकाही रकान्यात बसत नाही.

आता आपल्या घरात डोकवा. उदगीरचं पोरगं मेलबर्नला गेलं, तिथं सुपरमार्केटमध्ये रॅक लावतंय, तर आई पेढे वाटल्यासारखं सांगते, "शिकत शिकत कमवतोय माझा बाळू." ऑस्ट्रेलिया त्याला सत्राच्या काळात पंधरवड्याला ४८ तास काम करू देते, इंग्लंडमध्ये आठवड्याला २०, कॅनडात कॉलेजबाहेर २४. त्यापुढे नाही. का? कारण तो तिथं शिकायला आलाय हे त्यांना मान्य आहे आणि त्याला खायला लागतं हेही मान्य आहे. तोच बाळू उदगीरच्या किंवा लातूरच्या दुकानात रॅक लावताना दिसला तर शेजारीण विचारते, "घरी काही अडचण आहे का हो?" काम तेच, रॅक तीच, आपली नजर तेवढी बदलली.

ही नजर आपली जुनी नाही, हे विशेष. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा शब्द महाराष्ट्राला दिला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. म्हणजे त्यांनी घड्याळ पोरांच्या पोटाप्रमाणे लावलं. आज आपल्या कॉलेजांत कर्मवीरांची आणि बाबासाहेबांची जयंती होते, भाषणं होतात, हार घातले जातात. वेळापत्रक मात्र असं की सकाळी ८ ला एक तास, मग ११ ला एक, मग थेट २ वाजता प्रॅक्टिकल. मधल्या वेळात पोरगं कट्ट्यावर. त्याचा दिवस मोडतो, आणि ना धड अभ्यास होतो ना काम.

कमवा व शिका योजना कॅम्पसमध्ये चालतात, हे मला माहीत आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही मुलांना काम मिळतं. चांगलंच आहे. पण त्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. खरा रोजगार कॅम्पसच्या फाटकाबाहेर, बाजारात आहे. कॉलेज आणि बाजार एकमेकांशी कधी बोलतच नाहीत.

"काम केलं की अभ्यास बुडतो", हा आक्षेप मला मान्य आहे. साडेअकरा तास केलं तर बुडतो. म्हणूनच चार तास म्हणतोय, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. जो पोरगा चार तास काउंटरला उभा राहतो तो गिऱ्हाईकाशी बोलायला, बिल करायला, स्टॉक मोजायला, भांडण न करता नाही म्हणायला शिकतो. बीकॉमच्या पुस्तकात हे प्रकरण नाही.

मग करायचं काय? उपोषण नको, मोर्चा नको. एवढंच करा.

दुकानदारांनी येत्या हंगामात फक्त दोन जागा चार तासांच्या काढून बघाव्यात. काचेवर वेळ लिहा, ताशी दर लिहा. पगार खात्यावर किंवा फोनपेवर टाका म्हणजे दोघांकडे पुरावा राहतो. दोन्ही शहरांच्या व्यापारी संघटनांनी हे मनावर घेतलं तर वर्षभरात बाजाराची रीत बदलेल.

प्राचार्यांनी वेळापत्रक सलग ठेवावं. सकाळी ८ ते दुपारी १ तास संपवा, दुपार पोरांची राहू द्या. नव्या शैक्षणिक धोरणात कामावरच्या प्रशिक्षणाला क्रेडिट आहेत, एका क्रेडिटला ३० तास. चार तासांची पाळी तीस दिवस केली की १२० तास होतात, म्हणजे चार क्रेडिट. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र ओळखीच्या माणसाकडून सही करून आणण्यापेक्षा बीकॉमच्या पोराचं दुकानातलं खरं काम त्यात धरा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानं यासाठी नियम करून दिला तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना रस्ता मोकळा होईल.

कामगार कार्यालयानं किमान वेतनाचा चालू दर आणि अर्धवेळचा ताशी दर मराठीत, एका कागदावर, प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावावा. याला एक रुपयाचं अनुदान लागत नाही.

आणि पोरांनो, तुम्हाला दोन गोष्टी. काम धरताना वेळ, दर आणि सुट्टी मेसेजवर लिहून घ्या, रोज आलेली-गेलेली वेळ स्वतःच्या वहीत टिपा. काम देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवू नका. लाज तर अजिबात बाळगू नका. लाज वाटायची असेल तर तासाला पावणेबारा रुपये देणाऱ्याला वाटू द्या.

मी हिशोब बघणारा माणूस. माझ्या टेबलावर दुकानाचे आकडे येतात, पोरांचे येत नाहीत. कुठल्याच वहीत येत नाहीत. कॉलेजच्या वहीत ते हजर असतं, दुकानाच्या वहीत त्याचं नावच नसतं, आणि सरकारच्या वहीत ते अपात्र. पण तुमच्या दिवाळीच्या गल्ल्यात त्याचे पाय दुखलेले असतात.

ज्यांची दुकानं आहेत त्यांनी ही पोस्ट आपल्या मार्केटच्या ग्रुपवर टाका. ज्यांची ओळख प्राचार्यांशी आहे त्यांनी त्यांना दाखवा. चार तासांची पहिली पाटी ज्या दुकानाच्या काचेवर लागेल, त्या दुकानाचा फोटो मी माझ्या भिंतीवर लावतो आणि दिवाळीची खरेदीही तिथंच करतो. बोला, पहिला कोण?